हिवाळ्यात घरातील कुंडीतली केळ : थंडीआड लपणारा पर्णगुच्छ

उत्तर भारतात डिसेंबरच्या मध्यापासून रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते आणि अंगणातील वा गच्चीवरील कुंडीतली केळ घरात आणावी लागते. हे योग्यच आहे. केळ मूलतः उष्ण प्रदेशातील वनस्पती. सुमारे 15 अंश सेल्सिअसखाली तिची वाढ अतिशय मंदावते, 10 अंशांच्या आसपास पाने पिवळी पडून करपू लागतात. खानदेशातील शेतकरी यालाच ‘चरका’ म्हणतात.

घरात आणल्यावर रोप दक्षिणेकडील खिडकीजवळ ठेवावे, कारण हिवाळ्यातील ऊन तिकडूनच येते. वरची तीन-चार सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच कोमट पाणी द्यावे. थंड, ओल्या मातीत मुळे कुजतात. नवीन पाने येत नसतील तर खतही देऊ नये. येथपर्यंतची काळजी बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती किडींच्या बाबतीत.

बंद खोलीत, विशेषतः हीटर चालू असलेल्या, हवा उबदार आणि कोरडी राहते. लाल कोळ्यांना हेच हवे असते. पानांच्या खालच्या बाजूस बारीक जाळी आणि वरच्या बाजूस फिकट ठिपके दिसू लागले की कोळी स्थिरावले असे समजावे. बाहेर त्यांना मित्रकीटक आणि पाऊस आवरतात. घरात दोन्ही नाहीत. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पानांची खालची बाजू पुसणे हा साधा वाटणारा उपाय मी औषधापेक्षा वरचा मानतो. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे पुष्कळ कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. काही सिंथेटिक पायरेथ्रॉइडांच्या वापरानंतर तर कोळी वाढतात. पिठ्या ढेकणांसाठी स्पिरिटमध्ये बुडविलेला कापसाचा बोळा पुरेसा आहे.

मात्र ज्या किडीची मला खरी धास्ती वाटते ती म्हणजे केळीवरील काळपट तपकिरी मावा. तो पानांवर उघड्यावर क्वचितच बसतो. बुंध्याजवळ, बाहेरच्या पर्णकोषाच्या आत आणि पोंग्यात त्याची वसाहत असते. कुंडीवर मुंग्यांची ये-जा दिसली तर पर्णकोष हलकेच बाजूला करून पाहावे. मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी येतात. हाच मावा पर्णगुच्छ (बंची टॉप) विषाणूचा वाहक आहे. रोगट झाडावर काही तास रस शोषल्यावर त्याच्यात विषाणू येतो आणि पुढे अनेक दिवस टिकतो. तमिळनाडूतील पळणी टेकड्यांवरील विरुपाक्षी केळीची या रोगाने वाताहत केली.

आता हिवाळ्याचा संबंध पाहू. या रोगाची लक्षणे लागणीनंतर निघणाऱ्या नव्या पानांवरच दिसतात: देठावर व शिरांवर गडद हिरव्या तुटक रेषा, पुढे आखूड, अरुंद, ताठ पानांचा शेंड्याला झुपका. थंडीत नवे पानच निघत नाही, म्हणून विषाणू शरीरात असूनही रोप निरोगी दिसते. आप्तांच्या बागेतून हौसेने आणलेला मुनवा डिसेंबर-जानेवारीत निर्दोष भासतो. मार्चमध्ये तो अंगणात, परसातल्या केळीशेजारी जातो, आणि मावा पंख फुटून पुढचा प्रवास करतो. केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल, आसाम, ओडिशा येथून केळीची लागवड सामग्री बाहेर नेण्यावर देशांतर्गत विलगीकरणाचे निर्बंध याच रोगापायी घातले गेले. प्रवासी पिशवीतला एक मुनवा ते सहज निष्फळ करू शकतो.

त्यामुळे विषाणू-चाचणी झालेले, प्रमाणित ऊतिसंवर्धित रोपच घ्यावे. मुनव्यापासून वाढविलेले रोप असल्यास ते वसंतात बाहेर नेण्यापूर्वी घरातच तीन-चार नवी पाने येऊ द्यावीत आणि प्रत्येक पान उजेडासमोर धरून शिरा तपासाव्यात. मावा आढळल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून पर्णकोषांत आणि पोंग्यात फवारावे.

तुटक रेषा दिसल्यास रोप वाचविण्याचा यत्न करू नये. यावर औषध नाही. आधी फवारणी करून मावा मारावा, कारण जिवंत मावा असताना रोप कापले तर तो शेजारच्या झाडांवर पांगतो. मग रोप कंदासह मोठ्या पिशवीत बांधून नष्ट करावे. कंदाचा तुकडाही उकिरड्यावर टाकू नये. तो तेथे पुन्हा फुटतो.