इंजिन खोललं की बोअर करायलाच हवं का?

जुनी गाडी निळा धूर सोडू लागली की गॅरेजमध्ये सांगतात, "इंजिन खोलतोच आहोत, बोअर पण करून घ्या." खिशाला कात्री मात्र मालकाच्या लागते. म्हणून आधी नीट समजून घेऊ या.

धूर फक्त सकाळी गाडी चालू करताना येत असेल, तर दोष बहुधा वाल्व्ह सीलचा असतो. ते काम स्वस्तात होतं.

सिलिंडरची भिंत सगळीकडे सारखी झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबते, तिथे जास्त झिजते आणि सिलिंडर अंडाकृती होतो. मग नव्या रिंगाही नीट बसत नाहीत, गाडी ऑईल खातच राहते. अशा वेळी बोअर करून मोठा पिस्टन टाकावाच लागतो.

पण ताकद वाढेल म्हणून बोअर करण्यात अर्थ नाही. ७९६ सीसीच्या मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिमी. तो अर्धा मिमी वाढवला तर इंजिन होतं साधारण ८०८ सीसी, म्हणजे जेमतेम दीड टक्का जास्त. उलट भिंत पातळ होते, पुढच्या वेळी बोअर करायला जागा कमी उरते.

आमचं सांगणं एवढंच: सिलिंडर वर, मध्ये, खाली बोअर गेजने मोजून घ्या. झीज कंपनीच्या मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. जास्त असेल तर आधी पिस्टन आणा, मग त्याच्याच मापाने बोअर करा. माप न घेता कुणी बोअर सांगितला, तर सरळ म्हणा, "आधी माप दाखवा."