परिसेविका सेवा का सोडू पाहतात?

शासकीय रुग्णालयातील कक्षाची सूत्रे परिसेविकेच्या हाती असतात. लोक तिला 'इन्चार्ज सिस्टर' म्हणून ओळखतात. परिचारिकांच्या पाळ्या लावणे, औषधसाठा पाहणे, नातेवाइकांच्या तक्रारी ऐकणे ही सारी कामे तिचीच. अशी अनुभवी सेविका राजीनाम्याचा विचार करू लागते, तेव्हा त्याचे कारण केवळ कामाचा ताण, असे मानणे चुकीचे ठरेल. कष्टांची सवय तिला प्रशिक्षणापासूनच असते.

खरे कारण जबाबदारी व अधिकार यांमधील तफावतीत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात ३ खाटांमागे १ व सर्वसाधारण रुग्णालयात ५ खाटांमागे १ परिचारिका असावी. रजेसाठी ३० टक्के राखीव पदे वेगळी. पदे रिक्त राहिली की हे प्रमाण कागदावरच राहते. एखादी परिचारिका अकस्मात रजेवर गेली, तर दुसरीची साप्ताहिक सुट्टी रद्द करावी लागते आणि तिचा रोष परिसेविका पत्करते. रिक्त पद भरणे मात्र तिच्या हाती नसते. कंत्राटी सफाई कामगार ठेकेदाराचे ऐकतात. कक्ष अस्वच्छ आढळला तर खुलासा परिसेविकेकडे मागितला जातो. चादरी, ब्लँकेटे, सलाईनचे स्टँड यांची नोंद तिच्याच नावे. रात्रपाळीत रुग्णाबरोबर चादर गेली, तरी हिशेब तिचा. बाहेरच्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल. जिला नोंदवही घेऊन उभे राहावे लागते तिला ती तशी वाटत नाही.

या भाराचा मोबदला किती? सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय सेवेत परिचारिकेचे आरंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये, तर तिच्यावरील परिसेविकेचे ४७,६०० रुपये ठरले. अंतर २,७०० रुपयांचे. बढतीबरोबर बदली आली की मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो. काही परिचारिका बढतीच नाकारतात, ते उगीच नव्हे.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर ३ महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. म्हणजे कक्षाची खडान्खडा माहिती असलेल्या ज्येष्ठ परिसेविकांनाच ही वाट खुली आहे. त्यांपैकी एखादी गेली, की नव्या परिचारिकांना शिकविणारे माणूस जाते. तिच्या जागी येणारीचे पहिले दिवस रुग्णांपाशी जात नाहीत. कार्यभार स्वीकारताना तिला एकेक चादर मोजून घ्यावी लागते.