वडूज ते फादुत्स

फर्स्ट इयरला जर्मनचा क्लास मोठ्या उत्साहाने लावतात, आणि दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे! भाषा झेपत नाही म्हणून नाही, तर लक्ष टिकत नाही म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून आमच्या वडूजच्या स्टँडवरसुद्धा "जर्मन शिकतेस का गं?" असं विचारतात. पण युरोतला पगार फार लांब असतो, समोर असतात ते डेर, डी, डास.

चमचा 'डेर', काटा 'डी', सुरी 'डास'. एकाच ताटाजवळ तीन लिंगं! आम्ही इंग्लिश मीडियमवाले सगळं इंग्रजीतून समजून घेतो आणि इंग्रजीत ही भानगडच नाही. मग डोकं दमतं, आणि दमलं की हात मोबाईलकडे जातो. त्यापेक्षा मराठीतून बघा ना. 'मेड्शेन' म्हणजे मुलगी, आणि ती चक्क नपुंसकलिंगी! पण आपणही 'ते पोरगं' म्हणतोच की. 'वाइल इश म्युडे बिन' म्हणजे 'कारण मी दमलेली आहे'. शब्दाला शब्द लावून बघा, क्रियापद शेवटीच! ओळखीचं काही सापडलं की मन आपोआप थांबतं.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की निरर्थक अक्षरं पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून जास्त गळून पडतात. म्हणून सलग तीन तास रट्टा मारण्यात अर्थ नाही. झेबास्टियान लाइटनरने १९७२ मध्ये खोक्याची युक्ती सांगितली. शब्दांची कार्डं करायची, उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. मागचे कप्पे उशिराने उघडायचे. बुटाचं खोकं चालतं! वडूज-पुसेगाव-कोरेगाव-सातारा एवढ्या एस.टी. प्रवासात वीस-पंचवीस कार्डं आरामात होतात (खिडकीची जागा मिळाली तर).

आणि कामाच्या रगाड्यात वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या शेकडो मुलींचा संसार सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण त्यांना बायबल मुळातून मराठीत आणायचं होतं. काम अनेक वर्षं चाललं. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर छापून आलं १९२४ मध्ये. त्यांच्यापुढे परीक्षा नव्हती, पण रोज उघडायचं एक पुस्तक होतं. आपणही असंच काहीतरी धरावं. फुटबॉलच्या बातम्या, एखाद्या मशीनचं जर्मन मॅन्युअल, काहीही!

'ए-वन'च्या तोंडी परीक्षेत नाव-गाव सांगतात आणि एखाद्या शब्दाचं स्पेलिंगही विचारतात. वडूज म्हणजे 'फाउ, आ, डे, ऊ, योट'. शेवटच्या 'योट'च्या जागी 'त्सेट' टाकलात तर जर्मन भाषिक लिश्टनश्टाइन देशाची राजधानी होते, फादुत्स!