फौजदारी अपिलात सोडलेले मुद्दे व शिक्षेची फेरनिश्चिती

भोर येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावरील अपील पुण्याच्या सत्र न्यायालयात चालते. तेथे अपीलकर्त्याचे वकील पुष्कळदा एवढेच म्हणतात, की दोषसिद्धीविषयी काही सांगावयाचे नाही, शिक्षा तेवढी कमी व्हावी. हे विधान नित्य परिचयाचे असले, तरी अशा रीतीने सोडलेला मुद्दा कायमचा गेला काय, हा प्रश्न त्यातून उद्भवतो.

दिवाणी दाव्यात पक्षकार आपल्या हक्काचा धनी असतो. न मांडलेला मुद्दा त्याने सोडला असे धरण्यास फारशी अडचण पडत नाही. फौजदारी अपिलात मात्र पणास लागलेले असते ते माणसाचे स्वातंत्र्य. अपीलकर्ता व वकील दोघेही गैरहजर असले, तरी दाखल करून घेतलेले अपील तेवढ्यावरून फेटाळता येत नाही, कागदपत्रे पाहून गुणावगुणांवरच निर्णय द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने बनी सिंग खटल्यात (१९९६) ठरविले. गैरहजेरीने जे जात नाही ते वकिलाच्या एका वाक्याने जावे, हे तर्कास धरून नाही. कार्यपद्धतीतील दोषांची गोष्ट थोडी निराळी. आक्षेप आधीच घेता आला असता काय, हे पाहण्यास संहिताच सांगते.

या विषयावरील मूलगामी निर्णय मुंबई राज्यातूनच आला. चोप्रा विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात (१९५५) आरोपीचे अपील उच्च न्यायालयाने संक्षेपतः फेटाळले होते. मागाहून राज्याने शिक्षावाढीसाठी अर्ज केला. तेव्हा आरोपीस दोषसिद्धीवर पुन्हा बोलता येईल काय? येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १८९८ च्या संहितेच्या कलम ४३९(६) ने दिलेला तो हक्क पूर्वीच्या फेटाळणीने नष्ट होत नाही. १९७३ च्या संहितेचे कलम ३७७(३) व आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१८(३) यांत हेच तत्त्व दिसते.

शिक्षेपुरता विचार केल्यास परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांडाचा खटला, दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७७), अधिक बोधप्रद आहे. १९७३ च्या संहितेने दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकणे सत्र न्यायालयावर बंधनकारक केले. संता सिंग खटल्यात (१९७६) ही सुनावणी झाली नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून प्रकरण खाली परत पाठविले. मग असा दोष आढळताच प्रत्येक खटला परत धाडावयाचा काय? मानवत खटल्यात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी नकारार्थी उत्तर दिले. वरिष्ठ न्यायालय स्वतः खरीखुरी संधी देऊन ती उणीव भरून काढू शकते. परत पाठविणे हा अपवाद, नियम नव्हे. मात्र ऐकणे हे न्यायालयाचे कर्तव्य असल्याने आरोपीच्या मौनास त्याग मानणे कठीण आहे. विलंब टळतो हा या मार्गाचा लाभ. परंतु आरोपीच्या कुटुंबाची वा पूर्वायुष्याची माहिती दिल्ली वा मुंबईपेक्षा गावाजवळच्या न्यायालयात सहज मिळते, ही अडचणही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

केवळ आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढविता येत नाही. राज्याने वाढ मागितल्यास आरोपीस कारण दाखविण्याची संधी द्यावी लागते, आणि खालच्या न्यायालयास जेवढी शिक्षा देता आली असती तिच्यापुढे अपील न्यायालयास जाता येत नाही.