पंचक्रोशीचा रेडिओ: समज आणि वस्तुस्थिती

‘आता खेड्यातही घरोघरी मोबाईल आहे, सामुदायिक रेडिओ ऐकतो कोण?’ असे शहरात हमखास विचारतात. मोबाईल घरात आहे, पण खिशात कोणाच्या? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिला शहरांत सुमारे ५२ टक्के निघाल्या, ग्रामीण भागात जेमतेम २५. नुसते टॉवर उभारून हे अंतर मिटत नाही. रेडिओला ना रिचार्ज लागतो, ना अक्षरओळख. फोनवर तो ऐकायचा तर बहुधा इयरफोन लावावा लागतो, कारण त्याची वायरच अँटेनाचे काम करते. नव्या फोनांतून ही सोय नाहीशी होऊ लागली, तेव्हा २०२३ मध्ये केंद्र सरकारला ‘एफएम बंद करू नका’ असे कंपन्यांना बजावावे लागले.

दुसरा समज, सामुदायिक रेडिओ म्हणजे आकाशवाणीचीच छोटी शाखा. तसे मुळीच नाही. आधी फक्त शिक्षणसंस्थांना मिळणारी केंद्र चालवण्याची परवानगी २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली. २००८ मध्ये आजच्या तेलंगणातल्या झहीराबादजवळच्या माचनूरला संघम रेडिओ सुरू झाला. तो दलित शेतकरी बायका चालवतात. रेकॉर्डिंग त्यांचे, आवाज त्यांचा, विषयही त्यांचेच: घरचे बियाणे, ज्वारी-बाजरी, गाणी. त्याच वर्षी साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आली. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, असा नियमच आहे. प्रक्षेपणाचा पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटर, म्हणजे पंचक्रोशीपुरता.

कोणीही उठून केंद्र काढावे आणि काहीही बोलावे, असेही नाही. व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या. नळाला पाणी कधी येणार हे सांगायला मुभा आहे, पण ते आठवडाभर का आले नाही याची बातमी करायला नाही! माझ्या मते या माध्यमाचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

रेडिओमुळे डिजिटल दरी भरून निघते, हा उत्साही कार्यकर्त्यांचा गैरसमज. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची ॲपवरून नोंद, कशी करायची हे रेडिओ गावच्या बोलीत दहा वेळा समजावून सांगेल, शेतकऱ्यांच्या शंकाही घेईल. पिकाचा फोटो मात्र शेतात उभे राहून ॲपवरच चढवावा लागतो, आणि त्यासाठी चालता स्मार्टफोन हवाच.