बोट गाठायची, तर घरून कधी निघावे?

साताऱ्यापासून मुंबईचे बंदर साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे, सांगलीपासून पावणेचारशे. या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही हल्ली आमच्याकडच्या लग्नकार्यांत आणि निवृत्तीच्या समारंभांत ‘क्रूझला जाऊन आलो’ हे वाक्य कानावर पडते. सप्टेंबर २०२१मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले आणि द्राक्ष बागायतदार, डॉक्टर मंडळी, निवृत्त शिक्षक, सगळ्यांनाच ही सहल आवाक्यात वाटू लागली. बुकिंग करताना खूप चौकशी होते. केबिनला खिडकी आहे का, जेवण शाकाहारी मिळेल का, मोबाइलला रेंज येईल का? मुंबईला पोहोचायचे कधी, हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. माझ्या मते तो सर्वांत आधी सोडवायला हवा, कारण सगळ्या सहलीचे पैसे त्या एका उत्तरावर टांगलेले असतात.

पहिली गोष्ट, हिशेब जहाज सुटण्याच्या वेळेपासून मांडायचा नाही. तिकिटावर सुटण्याची वेळ संध्याकाळी पाचची असली, तरी तुमच्यासाठी महत्त्वाची वेळ असते ती चेक-इन बंद होण्याची, आणि ती दीड-दोन तास आधीची असू शकते. प्रत्येक जहाजाचा नियम वेगळा असतो, तो तिकिटाच्या कागदावर छापलेला असतो. शिवाय हल्ली प्रवाशांना चेक-इनसाठी ठरावीक वेळ नेमून देतात. कुणाला बारा, कुणाला दीड. आपली वेळ दुपारी एकची असेल, तर आपल्यासाठी बोट एक वाजताची आहे असेच धरून चालावे.

एवढा वेळ लागतो कशाला? बंदरावर बॅगा ताब्यात घेऊन त्यांना केबिन क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावतात, बॅगा आणि माणसे यंत्रातून तपासतात, ओळखपत्र पाहतात, फोटो काढून केबिनचे कार्ड देतात. जहाज परदेशी बंदराला जाणार असेल, तर इमिग्रेशनचा शिक्का आणि कस्टम्सची तपासणीही होते. हे सगळे हजार-दोन हजार माणसांचे करायचे असते. शेवटी जहाजावर नेमकी कोण माणसे आहेत याची यादी पक्की होते, आणि ती पक्की झाल्याशिवाय जहाज धक्का सोडत नाही.

त्यानंतर सुरक्षेची कवायत. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. म्हणून संकटात कुठे जमायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे हे समजून घेण्याचा वेळ तुमच्याही हाताशी असायला हवा.

एसटी थोडी थांबवता येते. कंडक्टरला सांगितले, की मागून पळत येणारा माणूसही गाडीत चढतो. जहाजाचे तसे नाही. ते धक्क्यावरून हलवायला बंदराचा पायलट आणि टग बोटी ठरलेल्या वेळेला येतात, आणि पुढच्या बंदरातही जागा ठरावीक वेळेसाठीच राखलेली असते. चार माणसांसाठी कप्तान थांबत नाही, आणि तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात.

आता वाटेकडे वळू. साताऱ्याहून मोटारीने निघाले की पहिला अडसर खंबाटकीचा. पुण्याकडे येताना घाट चढावा लागत नाही, बोगद्यातून उतरता येते, पण बोगद्यानंतरच्या वळणावर एखादा मालट्रक आडवा झाला की मागे रांग लागते. पुढे पुण्याच्या बाह्यवळणावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. २० नोव्हेंबर २०२२ रोजी याच उतारावर एकाच अपघातात ४८ वाहनांचे नुकसान झाले होते. मग वारजे, चांदणी चौक, वाकड ओलांडून द्रुतगती मार्ग, आणि तिथे लोणावळा-खंडाळ्याचा घाट. शनिवारी सकाळी या घाटात पुण्याकडे येणारी बाजू तुंबते, रविवारी दुपारनंतर मुंबईकडे जाणारी. दुरुस्तीसाठी मार्गिका तास-दोन तास बंद ठेवल्याच्या सूचनाही अधूनमधून निघतात. सांगलीकरांना याआधी पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता आणि महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे ओलांडावी लागतात.

मुंबईत शिरल्यावरचा प्रवास मात्र आता पुष्कळ सुधारला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. २१.८ किलोमीटरचा हा पूल चिर्ल्याजवळून थेट शिवडीला आणतो. शिवडीहून २०१३मध्ये खुला झालेला पूर्व मुक्त मार्ग धरला, की पी. डिमेलो रस्त्यावर ऑरेंज गेटपाशी उतरता येते. क्रूझची जहाजे लागतात तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून जवळच आहे. चेंबूर, सायन, दादरच्या गर्दीत पूर्वी जो वेळ जायचा तो यामुळे वाचतो. पण शेवटच्या टप्प्यात वाचलेल्या वेळेच्या भरवशावर आधीच्या साडेतीनशे किलोमीटरांचा जुगार खेळू नये. मोकळ्या रस्त्याने सांगलीहून सहा-सात तास लागतात, हे खरे. हा हिशेब रस्ता मोकळा मिळाला तरचा आहे.

रेल्वेचा विचार अधिक बारकाईने करण्यासारखा आहे. कोल्हापूरहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सध्याच्या वेळापत्रकानुसार दहाच्या सुमारास सांगलीला, मध्यरात्रीनंतर साताऱ्याला येते आणि सकाळी साडेसातच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तिथून बॅलार्ड पिअर दोन किलोमीटरच्या आतबाहेर. चेक-इन दुपारचे असेल, तर गाडी दोन-तीन तास उशिरा आली तरी बोट मिळते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांना लाभलेली ही मोठी सोय आहे. ज्यांना एक दिवस आधी जाणे शक्यच नाही, त्यांनी हीच गाडी धरावी.

सातारकरांनी मात्र एक काळजी घ्यायची. ही गाडी साताऱ्यात मध्यरात्रीनंतर येते, म्हणजे तारीख बदललेली असते. बोट २० तारखेची असेल, तर सांगलीच्या प्रवाशाने १९ तारखेचे तिकीट काढायचे आणि साताऱ्याच्या प्रवाशाने २० तारखेचे. पण स्टेशनावर दोघांनीही पोहोचायचे १९च्याच रात्री. साताऱ्याचे स्टेशन माहुलीला, गावापासून दूर. त्या वेळी रिक्षा मिळेलच असे नाही, ती आधी सांगून ठेवावी.

दिवसा जाणाऱ्यांसाठी कोयना एक्स्प्रेस आहे. ती सकाळी कोल्हापूरहून निघून रात्रीपर्यंत मुंबईला पोहोचते. बोटीच्या दिवशी तिचा उपयोग नाही, आदल्या दिवशी मात्र उत्तम. ज्येष्ठ मंडळींना रात्रीच्या गाडीत झोप लागत नाही, पाय सुजतात. त्यांना आदल्या दिवशी कोयनेने नेऊन रात्री मुंबईत मुक्काम करवावा. हॉटेलचा खर्च जास्त वाटतो, पण सहलीच्या एकूण खर्चात तो छोटाच असतो. शिवाय जहाजावरचा पहिला दिवस पेंगण्यात जात नाही.

बंदराच्या गावी असे आधी जाऊन थांबणे आपल्या आजोबा-पणजोबांना नवे नव्हते. विलायतेच्या डाकबोटींच्या काळात बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालाच रेल्वेचे स्टेशन होते, आणि बोटीवरून उतरलेली माणसे नि टपाल घेऊन तिथूनच उत्तरेकडच्या गाड्या सुटत. ज्यांचे काही शालेय शिक्षण साताऱ्यात झाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी १५ ऑगस्ट १९३१ रोजी ‘मुलतान’ बोटीने मुंबईहून निघाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने गेले. घाटावरची माणसे कोकणातल्या बंदरांतही उतरत. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचे, पुढे दाभोळच्या खाडीतून मुंबईची आगबोट पकडायची. पावसाळ्यात ही किनाऱ्यावरची वाहतूक बंद असे. घाटाची वाट, खाडीची भरती-ओहोटी आणि आगबोटीची वेळ, या तिन्हींचा मेळ घालायचा असल्याने वाटेत हाताशी वेळ ठेवणे भागच होते.

पाऊस आजही हिशेबात धरावाच लागतो. मुंबईहून निघणाऱ्या पर्यटक जहाजांचा हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते मे असल्याने तिथल्या सहलीला पावसाची फारशी बाधा येत नाही. पण ज्यांची मुले अमेरिकेत आहेत असे आईबाबा अलास्काच्या क्रूझला जातात, आणि ती सहल मुख्यतः मे ते सप्टेंबरमध्ये असते. म्हणजे घरून निघण्याचा दिवस नेमका आपल्या पुराच्या दिवसांत येतो. मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना नौदल, एनडीआरएफ आणि गावकऱ्यांनी बाहेर काढले. त्यानंतर पंधरवड्यात सांगली बुडाली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. २०२१च्या जुलैतही पुराने तो अडवला. अशा महिन्यांत विमान मुंबईहून असेल, तर सांगलीच्या माणसाने किमान दोन दिवस आधी पुणे किंवा मुंबई गाठावी. हवामान खात्याचा इशारा आणि कोयना धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची बातमी पाहत राहावे, आणि पाणी वाढते असे दिसले तर त्याहूनही लवकर घर सोडावे.

परदेशातल्या बंदरासाठी माझे मत पक्के आहे. जहाज सुटण्याच्या दिवशी पोहोचणारे विमान घेऊच नये. मायामी असो, सिॲटल असो की सिंगापूर, आदल्या दिवशी दुपारपर्यंत त्या गावात पाय टेकले पाहिजेत. अमेरिकेला तर दोन दिवस आधी जावे, कारण मधल्या विमानतळावर विमान बदलावे लागते, एखादी बॅग मागे राहते, आणि शरीराचे घड्याळही उलटे झालेले असते. मुलाकडे आधी राहून मग क्रूझला जाणार असाल, तर मुलगा-सून सगळे ठरवतात हे खरे. पण त्यांनाही त्यांच्या गावाहून बंदराच्या गावी विमानानेच जायचे असते. सुट्टी वाचवायला ती दोघे सकाळचे विमान काढू पाहतात. तिथे आईबाबांनी आग्रह धरावा.

‘चुकली तर पुढच्या बंदरात गाठू’ असे काहीजण सांगतात. त्यावर विसंबू नका. अमेरिकेत १८८६चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्याच दोन बंदरांदरम्यान प्रवासी नेण्यावर त्याने निर्बंध घातले आहेत, आणि मोठी पर्यटक जहाजे बहुतेक परदेशी नोंदणीचीच असतात. त्यामुळे सिॲटलला बोट चुकलेल्याला विमानाने अलास्कातल्या ज्यूनोला जाऊन त्याच बोटीत चढून सिॲटलला परतायचे म्हटले, तर कायदा आड येतो. युरोपच्या क्रूझसाठी व्हिसा काढताना जहाजाच्या तारखा लिहून मोकळे होऊ नये, आधीचे मुक्कामाचे दिवसही त्यात आले पाहिजेत. प्रवास विमा घेताना वाहन हुकल्याची भरपाई आहे का, आणि ती कोणत्या अटींवर, हे वाचून मगच सही करावी.

मुंबईच्या बंदराबद्दल आणखी थोडे. २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळता यावेत अशी त्याची रचना असून चेक-इन आणि इमिग्रेशनसाठी ७२ खिडक्या आहेत. रांगेचा त्रास यामुळे कमी व्हावा. पण फार लवकर जाऊन धक्क्यावर बसण्यातही अर्थ नाही. चेक-इन उघडण्याआधी बॅगा कुणी घेत नाही. महालक्ष्मीने सकाळी पोहोचलात, तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून न्याहारी करावी आणि बॅलार्ड इस्टेटीत फेरफटका मारावा. जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराने आखलेली ही पेठ आहे. गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्यानेच उभारले. त्या सावलीच्या शांत रस्त्यांवर तासभर सहज जातो. वेळेच्या औषधांच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र आणि बदलायचा एक कपडा मात्र हातातल्या पिशवीत असू द्या. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते.

भडंगाचा आणि कंदी पेढ्यांचा डबा बरोबर घेण्याआधी जहाजाचे नियम वाचा. घरी शिजवलेले अन्न बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत.

क्रूझचे बुकिंग सहा-सहा महिने आधी होते, रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४पासून प्रवासाच्या साठ दिवस आधीच उघडते. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत महालक्ष्मीची वातानुकूलित तिकिटे झपाट्याने संपतात. म्हणून ज्या दिवशी क्रूझचे पैसे भराल, त्याच दिवशी कॅलेंडरवर ती साठाव्या दिवसाची तारीख लाल शाईने गोल करून ठेवा, आणि त्या सकाळी तिकीट काढा. प्रतीक्षा यादीच हाती आली, तर आदल्या दिवशीची कोयना किंवा पुण्यापर्यंतची एसटी लगेच ठरवून टाका.