रजा, सुट्टी आणि गैरहजेरी

शब्दाची किंमत काय असते, हे झाशीइतके कोणत्या गावाने जाणले असेल? १८१७ च्या तहात कंपनी सरकारने झाशीच्या राज्यकर्त्याचे वारस आणि उत्तराधिकारी यांचा हक्क मान्य केला होता. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, आणि त्या दोन शब्दांत दत्तक पुत्र येतो की नाही, हा वाद उभा राहिला. राणी लक्ष्मीबाईंच्या वतीने गेलेल्या अर्जांत असे मांडले होते की, तहात दोन निरनिराळे शब्द आहेत, त्याअर्थी त्यांचे अर्थही निरनिराळे असले पाहिजेत. पैकी दुसऱ्यात दत्तकाचा समावेश होतो. हा युक्तिवाद कलकत्त्यास मानवला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा झाले.

आपल्या रोजच्या कचेरीत राज्ये जात नाहीत. जातो तो एखाद्या दिवसाचा पगार, क्वचित नोकरीचे सातत्य. परंतु कारण पुष्कळदा तेच असते : शब्दाचा अर्थ नीट ठाऊक नसणे.

झाशीच्या मराठी नोकरदाराला ही अडचण अधिक जाणवते. नारो शंकर आणि नेवाळकर यांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे आहेत. शिवाय २००३ साली उत्तर मध्य रेल्वे सुरू होईपर्यंत झाशी विभाग मुंबईच्या मध्य रेल्वेत होता. तिकडची माणसे इकडे बदलून येणे स्वाभाविकच होते. महाराष्ट्र शासनाच्या नोकराला रजेचा अर्ज मराठीत लिहिता येतो. केंद्र सरकारच्या कचेरीत मात्र १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावयाचा. घरी मराठी, शेजाऱ्याशी बुंदेली, साहेबांशी हिंदी आणि फाइलीत इंग्रजी, अशी ही चौपदरी कसरत आहे.

आरंभ 'लीव्ह' या शब्दापासून करू. इंग्रजीत 'लीव्ह' म्हणजे मुळात परवानगी. आपला 'रजा' हा शब्द अरबीतून आला. त्याचाही मूळ अर्थ संमती. दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट सांगून ठेवली आहे : कामावर न येणे म्हणजे रजा नव्हे, कामावर न येण्याची संमती मिळणे म्हणजे रजा. अर्ज देऊन गाडीत बसलेला मनुष्य अजून 'ऑन लीव्ह' नसतो. त्याने रजा फक्त मागितलेली असते. ती 'सँक्शन', म्हणजे मंजूर, व्हावी लागते.

'हॉलिडे' ही निराळी गोष्ट. ती सर्वांची असते आणि मागावी लागत नाही. मराठीने हा भेद 'रजा' व 'सुट्टी' या शब्दांत जपला आहे. हिंदी बोलण्यात मात्र 'छुट्टी' हा एकच शब्द रविवारला, रजेला आणि संध्याकाळी कचेरी सुटण्यालाही पुरतो. कागदोपत्री 'अवकाश' हाही दोन्हीकडे चालतो. म्हणून इंग्रजी लिहिताना मराठी माणसाने मनात आपली भाषा धरावी. 'रजा' म्हणावेसे वाटले तर 'लीव्ह', 'सुट्टी' म्हणावेसे वाटले तर 'हॉलिडे'. सहसा चूक होणार नाही.

आता रजेचे प्रकार. 'कॅज्युअल लीव्ह' म्हणजे नैमित्तिक रजा. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण कर्मचाऱ्याला ती वर्षाला आठ दिवस मिळते. नियमांच्या दृष्टीने या रजेवरचा मनुष्य कामावर गैरहजर मानला जात नाही. मधल्या सुट्ट्याही तीत मोजत नाहीत. मात्र ती 'अर्न्ड लीव्ह'ला, म्हणजे अर्जित रजेला, जोडता येत नाही. 'कम्यूटेड लीव्ह' म्हणजे परिवर्तित रजा. आजारपणात दाखला देऊन ती दहा दिवस घेतली, तर अर्धवेतनी रजेच्या खात्यातून वीस दिवस वजा होतात. ज्याने हा शब्द अर्थ न पाहता लिहिला, त्याला हिशेब पाहून आश्चर्य वाटते. जुन्या 'प्रिव्हिलेज लीव्ह'ला बोलण्यात 'हक्काची रजा' म्हणतात. पण 'प्रिव्हिलेज' म्हणजे हक्क नव्हे, सवलत. आणि कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असे नियमच सांगतात.

सर्वांत जपून वापरावयाचा शब्द म्हणजे 'अ‍ॅब्सेंट'. तापाने पडलेला एखादा साधाभोळा कारकून परतल्यावर लिहितो, "मी दोन दिवस अ‍ॅब्सेंट होतो." त्याला म्हणावयाचे असते, 'मी येऊ शकलो नाही.' परंतु कचेरीच्या भाषेत हा शब्द 'परवानगीवाचून गैरहजर' या अर्थाकडे झुकतो, आणि अशा गैरहजेरीच्या काळाचा पगार मिळत नाही, असे मूलभूत नियमांपैकी सतराव्या नियमात आहे. प्रकरण वाढले तर सेवेत खंड पडल्याचा ठपका येतो. त्याने लिहावे ते असे : अमुक तारखेपासून आजारी असल्याने कामावर येऊ शकलो नाही, तसे कळविले होते, दाखला सोबत आहे, या दिवसांची रजा मंजूर व्हावी. हकीकत तीच, पहिल्या वाक्यात कबुली आहे, दुसऱ्यात विनंती.

परतीचे शब्दही सांभाळावे लागतात. नव्या जागी जाणे ते 'जॉइन' करणे, रजेवरून येऊन काम हाती घेणे ते 'रिझ्यूम' करणे. मराठीत दोन्हींना 'रुजू होणे' शोभते. आजारपणाच्या रजेनंतर 'फिटनेस'चा दाखला हवा. बदली झाल्यावर नुसता हुकूम पुरत नाही. 'रिलीव्ह', म्हणजे कार्यमुक्त, व्हावे लागते आणि 'चार्ज' सोपवावा लागतो. 'आउट ऑफ स्टेशन'मधल्या 'स्टेशन'चा झाशीच्या फलाटाशी संबंध नाही. नेमणुकीचे ठिकाण, एवढाच त्याचा अर्थ.

माणसांप्रमाणे कागदांचीही गैरहजेरी असते. सापडत नसलेल्या फाइलीला घाईने 'लॉस्ट' म्हणू नये. 'नॉट ट्रेसेबल' म्हणजे शोध चालू आहे, तूर्त मिळत नाही; 'मिसप्लेस्ड' म्हणजे भलत्या जागी ठेवली गेली; 'लॉस्ट' म्हणजे गेली, आणि मग जबाबदार कोण, हा प्रश्न आलाच. तसेच 'पेंडिंग' काम नुसते प्रलंबित असते, 'ओव्हरड्यू' कामाची मुदत टळलेली असते. पहिल्याची विचारपूस होते, दुसऱ्याचा जाब विचारला जातो.

हे सारे शिकण्यास मोठा कोश लागत नाही. एक लहान वही करावी. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये त्याचा मराठी अर्थ, आणि उजवीकडे तो लिहिल्याने काय होते, म्हणजे पगार कापतो, रजा वजा होते की जबाबदारी येते, एवढे टिपावे. कोशात पहिली दोन घरे मिळतात. तिसरे कचेरीतल्या अनुभवी माणसांना विचारून भरावे लागते. ते भरल्यावरच शब्द खऱ्या अर्थाने आपला झाला असे समजावे. परक्या भाषेत अलंकारिक लिहिता न आले तरी नोकराचे काही अडत नाही. पण ज्या कागदाखाली आपण सही करतो, त्यातला प्रत्येक शब्द आपल्याला ठाऊक असलाच पाहिजे.